जाणवणारा ताण: एकच बेरीज घ्यावी की दोन घटक वेगळे पाहावेत?

प्रश्न (वाशी): रशियन भाषक किशोरांमधील ताण ‘जाणवणाऱ्या ताणाची श्रेणी’ (Perceived Stress Scale) या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीने मोजण्याविषयी सध्या वाचत आहे, कारण तेच साधन ऐरोलीतील नववीच्या मुलांसाठी वापरण्याचा विचार आहे. एकूण बेरीज पुरेशी आहे का?

उत्तर (ठाणे): मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या मूळ श्रेणीत १४ प्रश्न होते, दहा प्रश्नांची आवृत्ती १९८८ ची. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण असतात. त्यांतील चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा प्रश्न सकारात्मक असल्याने त्यांचे गुण उलटे धरावे लागतात, म्हणजे गोष्टी मनासारख्या घडत आहेत असे ‘खूपदा’ वाटणाऱ्या मुलाला तिथे ४ नव्हे, ० गुण मिळतात. हेच चार प्रश्न अनेक भाषांतील अभ्यासांत वेगळा गट करताना दिसतात, त्यामुळे या चार प्रश्नांची आणि उरलेल्या सहा प्रश्नांची अशा दोन्ही बेरजा स्वतंत्रपणेही तपासाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (नेरूळ): सहमत. प्रश्न मागील महिन्याविषयी असतात, तेव्हा सहामाही परीक्षा संपताच मोजणी करू नका. शिवाय हे निदानाचे साधन नव्हे. ४० पैकी अमुक गुण मिळाले म्हणून कोणत्याही मुलाला आजारी ठरवू नये आणि पालकांची लेखी संमती आधीच घ्यावी.