मळीचं पाणी विहिरीत, दंड सरकारी खात्यात. जेल काढली ते बरोबर का चूक?

मांजराकाठ:
परवा सकाळी मोटार चालू केली तर दांडात कोऱ्या चहासारखं पाणी. आधी वाटलं पाईपाचा गंज असंल, धा मिनिटं वाहू दिलं तरी तसंच, वर फेस, अन वास असा की बैलानं तोंड घातलं अन मान झटकून मागं सरला. विहीर ओढ्याला खेटून आहे, ओढा साखर कारखान्याच्या मागून येतो, पुढचं सांगायची गरज नाही. कारखान्याचं नाव घेत नाही कारण ऊस अजून रानात उभा आहे.
आता मुद्दा. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला भोपाळच्या वायुकांडानंतर, त्यात ५ वर्षांपर्यंत जेल होती. २०२३ ला जनविश्वास कायदा केला अन ती जेल काढून टाकली, आता १० हजार ते १५ लाख दंड, एप्रिल २०२४ पासून लागू. हवेच्या कायद्यात बी तेच. म्हणायलेत की उद्योगावर विश्वास ठेवला. बरं ठेवा, पण आमच्यावर कुणी ठेवायचा? शेतकऱ्यानं वीजबिल थकवलं तर लाईनमन दुसऱ्या दिवशी वायर काढतो, तिथं विश्वास कुठं जातो? तुम्हाला काय वाटतं ते लिहा, पण पक्षाचं राजकारण आणू नका, ते बांधावर रोज ऐकतोच.

भट्टीवाला_जालना:
दादा, विहिरीचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण जेल काढली ते शंभर टक्के बरोबर आणि मी हे सळईच्या धंद्यात २० वर्षं घातलेला माणूस म्हणून सांगतोय. जेलची तरतूद असताना किती मालक आत गेले? मला एक दाखवा. जेलच्या नावानं व्हायचं काय, तर एखादा साहेब यायचा, रजिस्टरात एक सही राहिली म्हणून केस करतो म्हणायचा, आणि दिवाळीला मिठाईच्या बॉक्सचं वजन वाढायचं. कागद चुकला तरी गुन्हेगार आणि नदीत विष ओतलं तरी गुन्हेगार, हा कसला न्याय? कन्सेंट टू एस्टॅब्लिश (उभारायची परवानगी), कन्सेंट टू ऑपरेट (चालवायची परवानगी), हॅझार्डस वेस्टचं (घातक कचऱ्याचं) वेगळं, एवढं सांभाळायला छोट्या युनिटला एक माणूस पगारी ठेवावा लागतो. मुंबईच्या कंपनीला ते परवडतं, आम्हाला नाही. इंग्लंडनं आधी धूर केला, १९५२ ला लंडनमध्ये धुक्यानं हजारो माणसं गेली तेव्हा कुठं १९५६ ला त्यांनी कायदा केला. तोवर ते श्रीमंत झाले होते. आपण आधीच हात बांधून घ्यायचे का?

शाळेतल्या_बाई:
भट्टीवाले भाऊ, तुमच्याच जालन्याचं नाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, लातूर आणि संभाजीनगर पण आहे. मराठवाड्यातली तीन शहरं. २०१९ ला कार्यक्रम सुरू झाला. ही यादी हवा चांगली असलेल्या गावांची नाही, मापात न बसलेल्या गावांची आहे. आपल्याकडचं वर्षाचं माप पीएम १० साठी, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीसाठी, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. म्हणजे आपण आधीच चौपट सूट घेऊन बसलोय आणि तीही पाळता येईना. हात कुठं बांधलेत?
आणि लंडनचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या. हजारो माणसं मेल्यावर शहाणपण आलं, म्हणून आपणही आधी माणसं मारून घ्यायची का?
माझी शाळा कारखान्यापासून दीड किलोमीटरवर आहे. हंगामात दुपारी वारं फिरलं की लेकरं खिचडीचं ताट घेऊन वर्गात पळतात आणि खिडक्या लावतात. पहिलीचं लेकरू मला विचारतं, बाई, हा वास सुट्टीत बंद असतो का. गाळप बंद झालं की बंद असतो रे बाळा, काय सांगू.

रात्रपाळी_केमिस्ट:
मी डिस्टिलरीत, म्हणजे मळीपासून अल्कोहोल करतात तिथं, काम केलंय (आता सोडलं, म्हणून लिहितोय). दोन्हीकडचे लोक हवेत बोलायलेत म्हणून थोडं आतलं.
६० केएलची डिस्टिलरी म्हणजे दिवसाला ६० हजार लिटर अल्कोहोल. एका लिटरमागं ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो, गावात त्याला मळीचं पाणी म्हणतात. म्हणजे रोज ५ ते ९ लाख लिटर. आपल्याकडच्या हिशोबात सांगायचं तर १० हजार लिटरचे ५० ते ९० टँकर, दररोज. कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या वरच असतो, नदीत सोडायची मर्यादा आहे ३०. हजार पटीपेक्षा जास्त फरक, त्यामुळं थोडंसं गळालं वगैरे ऐकून घेऊ नका, थोड्यानंच विहीर जाते.
आता सोय नाही का, तर आहे. एमईईत, म्हणजे वाफेवर पाणी आटवायच्या यंत्रात, आटवायचं, जे घट्ट उरतं त्याला आम्ही स्लॉप म्हणतो, ते बॉयलरला जाळायचं, एक थेंब बाहेर जाऊ नये असा नियमच आहे. पण एमईईला वाफ लागते, वाफेला बगॅस (उसाचा चोथा) लागतो, आणि त्याच बगॅसची वीज करून विकली तर पैसा मिळतो. मग रात्री दोनला बॉयलर ट्रिप झाला, लॅगून (स्पेंटवॉश साठवायचं तळं) काठोकाठ आलंय, इथेनॉलचा टँकर गेटवर उभा आहे, प्लांट थांबवायचा तर वरून शिव्या. अशा वेळी व्हॉल्व्ह कोण फिरवतो? बारा-पंधरा हजारावर असलेलं कंत्राटी पोरगं. जेलची तरतूद होती तेव्हा पण नाव त्याचंच पुढं आलं असतं, चेअरमनचं नाही. म्हणून मला जेल गेल्याचं दुःख नाही.
ऑनलाइन मॉनिटरिंगचं तर बोलूच नका, सेन्सर स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेला मी डोळ्यानं बघितलाय. सर्व्हरवर आकडे असे सुंदर की बिसलेरीला लाज वाटावी.

ऊसवाला_केज:
सगळे कारखान्याच्या मागं लागलेत म्हणून लिहितो. इथेनॉल आलं म्हणून एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा भाव) तरी वेळेवर पडायली, नाहीतर साखर गोदामात अन आमचं बिल हवेत. आमच्या भागात दुसरं हाय काय? सोयाबीनला भाव नाही, कापसाला बोंडअळी. कारखाना बंद करा म्हणणं सोपं हाय, पुण्यात बसून. कारखाना बंद झाला तर ऊसतोड टोळ्यांच्या उचली, ट्रॅक्टरचे हप्ते, चौकातलं हॉटेल, सगळं बसतं. विहीर एक जाईल, तालुका जाऊ नये.

मांजराकाठ:
ऊसवाले मामा, मी पुण्यात नाही, लातूर जिल्ह्यातच आहे अन माझा बी तीन एकर ऊसच आहे. बंद करा असं मी कुठं म्हणलं? अन विहीर एक जाईल हे कुणाची विहीर ते ठरल्यावर म्हणा. आमच्या लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणलं होतं मिरजेवरून, देशानं बघितलं. ज्या भागात पाणी रेल्वेनं येतं तिथं असलेली विहीर नासवायची म्हणजे कमालच आहे.

भट्टीवाला_जालना:
केमिस्ट साहेबांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं, जेलमध्ये गरीब जातो. दंड कंपनीला बसतो, तो बरा. आणि अजून एक कुणी बोलत नाही, सगळ्यात मोठं प्रदूषण कोण करतं? नगरपालिका! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच २०२१ चा अहवाल आहे, शहरांचं सांडपाणी ७२ हजार एमएलडीच्या वर (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर), त्यातलं शुद्ध होतं फक्त २० हजाराच्या आसपास. बाकी सगळं नदीत. संभाजीनगरची खाम नदी बघा, ती काय एकट्या कारखानदारानं काळी केली का? पण नोटीस आम्हालाच, कारण आमच्याकडून काहीतरी निघतं, नगरपालिकेकडून काय निघणार.

शाळेतल्या_बाई:
नगरपालिकेचा मुद्दा मान्य. पण त्याचा अर्थ दोघांनाही धरा असा होतो, दोघांनाही सोडा असा नाही.

वकील_कोर्टरोड:
थोडं कायद्याचं, कारण वर दोन-तीन गोष्टींची सरमिसळ झालीय.
एक तर जेल पूर्ण गेलेली नाही. दंड ठोठावला आणि ९० दिवसांत भरला नाही तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंडाच्या दुप्पट रक्कम, असं पर्यावरण कायद्यात आहे. दुसरं, मांजराकाठ, तुमचा विषय पाण्याचा, त्याला १९७४ चा जल कायदा. त्यात दुरुस्ती झाली २०२४ ला, पण पाणी हा राज्यांचा विषय असल्यानं ती आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, बाकी राज्यात विधिमंडळानं ठराव केला तरच. त्यामुळं जनविश्वासनं सगळ्याच पाण्याची जेल काढली असं सरसकट म्हणू नका.
तिसरं आणि महत्त्वाचं. दंडाची रक्कम पर्यावरण संरक्षण निधीत जाते. ज्याची विहीर गेली त्याच्या हातात त्यातून एक रुपया येत नाही, आणि जेल होती तेव्हाही येत नव्हता. जेल का दंड या भांडणात शेतकरी कुठंच नाही. त्याचा रस्ता वेगळा आहे, हरित न्यायाधिकरण, २०१० चा कायदा, कलम १५, नुकसानभरपाई. आपल्याला पुण्याचं खंडपीठ. फी मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, कमीत कमी हजार रुपये.

ऊसवाला_केज:
वकीलसाहेब, मिळते का पण भरपाई? का तारीख पे तारीख?

वकील_कोर्टरोड:
खरं सांगू? राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी म्हणून गाव आहे, तिथल्या रासायनिक कारखान्यांनी विहिरींचं पाणी असंच नासवलं होतं. सुप्रीम कोर्टानं १९९६ ला निकाल दिला, ज्यानं घाण केली त्यानंच भरायचं, आणि पुढं ३७ कोटींच्या वर रक्कम ठरली. कंपनी अर्जावर अर्ज टाकत राहिली, २०११ ला कोर्टानं वैतागून चक्रवाढ व्याज लावलं. म्हणजे कायदा उत्तम, निकाल उत्तम, मधली १५ वर्षं गावानं कुठलं पाणी प्यायचं ते मात्र निकालात नाही.
आता थोडं बदललंय. ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रदूषण मंडळं स्वतःच नुकसानाची रक्कम वसूल करू शकतात, त्यासाठी शिक्षा व्हायची वाट बघायची गरज नाही. वीज-पाणी तोडायचा आणि युनिट बंद करायचा अधिकार तर जल कायद्याच्या कलम ३३ए मध्ये १९८८ पासून आहेच. वापरायचा कुणी हा प्रश्न.

रात्रपाळी_केमिस्ट:
मांजराकाठ भाऊ, एक काम आजच करा. पाणी भरून ठेवलं असेल तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत, गाडीच्या डिकीत ठेवू नका. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर लॅबला जावा लागतो, नाहीतर आकडा खाली येतो आणि तुम्हीच खोटे पडता. चांगल्या लॅबची पावती घ्या, तारीख-वेळ टाकून फोटो, ओढ्याच्या वरच्या अंगाचा एक नमुना आणि खालच्या अंगाचा एक. वरचा स्वच्छ निघाला तरच खालच्याला अर्थ.

वकील_कोर्टरोड:
बरोबर, पण जल कायद्याच्या केसमध्ये तुमचा स्वतःचा नमुना चालत नाही. कलम २१ प्रमाणे मंडळाच्या माणसानं कारखानदाराला नोटीस देऊन, त्याच्यासमोर, दोन भाग करून सीलबंद करावा लागतो. म्हणजे चोराला सांगून झडती. त्यामुळं तुमचा रिपोर्ट न्यायाधिकरणासाठी ठेवा, तिथं पुराव्याचा कायदा इतका कडक लावत नाहीत.

भट्टीवाला_जालना:
नोटीस न देता नमुना घेतला तर उद्या कुणी पण बाटलीत काहीही भरून आमच्या नावावर टाकेल. त्या कलमाला कारण आहे, वकीलसाहेब. पण भरपाई शेतकऱ्याला थेट मिळावी हे मला पटतंय, दंडातली अर्धी रक्कम त्याच गावात खर्च करा म्हणावं. तेवढ्यावर मी सही करतो.

शाळेतल्या_बाई:
सगळं ठीक. पण मांजराकाठ, तुम्ही तक्रार दिली का नाही अजून?

मांजराकाठ:
बाई, इथंच घोडं अडलंय. दोन कारखान्यात २५ किलोमीटर अंतर पाहिजे हा आपल्या राज्याचा नियम, म्हणजे माझ्या रानाच्या जवळ हा एकच. उसाची नोंद त्याच्याकडं, तोडायला टोळी तोच पाठवणार. मागच्या साली आमच्या शेजारच्यानं अर्ज दिला होता, त्याचा ऊस एप्रिलात तुटला, तुरे येऊन पोकळ झालेला, एकरी धा-बारा टन कमी. कुणी धमकी दिली नाही, कारखान्याचा चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा) नुसता म्हणायचा, काका तुमचा नंबर मागं गेलाय. कायद्यात लिवलंय कुणी बी तक्रार करू शकतो. करू शकतो की, फक्त त्याचा ऊस नसला पाहिजे.
जेल ठेवा का दंड ठेवा, तक्रार करायला जो पुढं येईल त्याचा ऊस वेळेवर नेणं बंधनकारक करा एवढं एक कलम टाका, बघा किती विहिरी बोलायला लागतात.

ऊसवाला_केज:
हे मात्र खरं बोललास. आमच्याकडं बी असंच हाय, म्हणून तर मी गप असतो.

मांजराकाठ:
वकीलसाहेब, भरपाईच्या अर्जाला मुदत किती असती?

वकील_कोर्टरोड:
कलम १५ खाली, घटना घडल्यापासून ५ वर्षं. पण कारखान्याविरुद्ध नुसता आदेश मागायचा असेल तर कलम १४, तिथं ६ महिनेच. उशीर करू नका.

मांजराकाठ:
बरं. नमुने बर्फात घालून लातूरला पाठवले, पोरगं गेलंय मोटारसायकलवर. टोळी पुढच्या मंगळवारी येतो म्हणालीय. ऊस गेटच्या आत गेला, वजनाची पावती हातात आली, की बुधवारी तुमच्या ऑफिसला येतो.