मोठ्या नणंदबाई आमच्या खासगी गोष्टींची मर्यादा पाळत नाहीत. नाते न तोडता काय करता येईल?

गोदाकाठ:

आम्ही नाशिकला राहतो. माझ्या नणंदबाई यजमानांपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या आहेत. सासरे अकाली गेले, तेव्हा त्यांनी नोकरी धरून भावाच्या शिक्षणाचा भार उचलला आणि त्यापायी स्वतःचे लग्नही लांबवले. हे ऋण आम्ही दोघेही मानतो. मात्र त्या ऋणाचा उल्लेख आता प्रत्येक मतभेदात होतो आणि तो झाला की पुढे बोलणेच खुंटते.

अडीअडचणीला असावी म्हणून घराची एक किल्ली त्यांच्याकडे दिली होती. आता आम्ही दोघे कामावर गेलो की त्या येतात, स्वयंपाकघरातील डबे आपल्या पद्धतीने लावतात आणि कपाटेही उघडतात. मध्यंतरी आमचे मूल होण्यासाठीचे उपचार सुरू होते. खणात ठेवलेला माझ्या तपासणीचा अहवाल त्यांनी वाचला आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर त्यातील मजकूर बोलून दाखवला. मी तेव्हा तिथेच पन्ह्याचे पेले भरत होते. नंतर एकांतात विचारले, तर "मी काय परकी आहे? मी नसते तर हा आज इंजिनिअर झाला असता का?" असे म्हणून त्या रडू लागल्या, आणि रात्रीपर्यंत चुलत सासऱ्यांपासून मावससासूबाईंपर्यंत सगळ्यांचे फोन आले की मी त्यांना दुखावले.

आता भाच्याच्या व्यवसायासाठी काढायच्या कर्जाला यजमानांनी जामीन राहावे, असा त्यांचा आग्रह आहे आणि भाऊबीजेला येताना कागद घेऊनच येईन, असे त्यांनी कळवले आहे. यजमानांना हे पटत नाही, पण "ताईला नाही म्हणायला जीभ रेटत नाही," असे ते म्हणतात. नार्सिसिझमविषयी, म्हणजे टोकाच्या आत्मकेंद्री स्वभावाविषयी, जे वाचले, त्यातील बरेचसे वर्णन ताईंना लागू पडते असे मला वाटते. नाते तोडण्याची आमची इच्छा नाही. तरीही घर आमचे राहावे, यासाठी काय करावे?

मनोव्यवहार:

मी मानसशास्त्रज्ञ असून समुपदेशनाचे काम करते. आधी निदानाविषयी बोलते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेत नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकाराचे नऊ निकष दिले आहेत. त्यांपैकी किमान पाच निकष, तेही तरुणपणापासून आणि निरनिराळ्या प्रसंगांत सातत्याने दिसले, तरच तज्ज्ञ प्रत्यक्ष मुलाखतीनंतर तसे निदान करू शकतो. त्यामुळे ताईंना हा विकार आहे की नाही, हे तुम्ही किंवा मी येथे ठरवू शकत नाही, आणि घरच्या भांडणात तो शब्द उच्चारला गेला तर मूळ तक्रार बाजूला पडून चर्चा त्या शब्दावरच सुरू होईल. तुमचा त्रास खरा ठरण्यासाठी निदानाची गरज नाही. अहवाल वाचून तो चारचौघींत सांगणे ही गोष्ट कोणत्याही नावाशिवाय गैरच आहे.

मर्यादा आखताना बहुतेक जण समोरच्याने काय करू नये, हे सांगतात. "आमची कपाटे उघडत जाऊ नका" हे वाक्य पाळायचे की नाही, हे सर्वस्वी ताईंच्या हातात राहते. "आम्ही घरी असू तेव्हा या, येण्याआधी फोन करा, आणि घराची किल्ली यापुढे आमच्याजवळच राहील" या वाक्यातील मुख्य भाग तुम्ही स्वतः पार पाडू शकता. जी मर्यादा तुमच्या कृतीवर उभी असते, तीच टिकते. उपचारांबाबतही हाच विचार करा. दवाखान्यात तुम्हा दोघांचेच दूरध्वनी क्रमांक नोंदवा, कागद कुलपात ठेवा आणि ताईंनी चौकशी केल्यास "उपचार नीट चालू आहेत, त्याबद्दल आम्ही दोघेच बोलतो" एवढेच सांगा.

कारणे देत बसू नका, हे मी विशेष आग्रहाने सांगते. सुज्ञ माणसाला कारण दिले तर तो समजून घेतो, पण ज्याला हवे तेच घडवून आणायचे असते, तो प्रत्येक कारण खोडून काढण्याच्या मागे लागतो आणि तुम्ही तासभर स्वतःची बाजू मांडत राहता.

आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा. आजवर रडणे, उपकारांची आठवण आणि नातेवाइकांचे फोन यांनी काम होत आले आहे. ते होईनासे झाले की सुरुवातीला हे प्रकार कमी होण्याऐवजी वाढू शकतात. वर्तनाच्या अभ्यासात हे वारंवार दिसून आले आहे. नेमक्या याच काळात कंटाळून एकदा जरी माघार घेतली, तरी जास्त जोर लावला की काम होते, एवढेच समोरच्या व्यक्तीच्या मनावर ठसते. अधूनमधून फळ मिळणारी सवय नेहमी फळ मिळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते. म्हणून जी मर्यादा शेवटपर्यंत सांभाळता येईल तेवढीच आखा. किल्ली, उपचार आणि कर्ज या गोष्टींपुरते ठाम राहा. डब्यांचे सध्या सोडून द्या.

या साऱ्याने तुमची झोप किंवा उपचारांवरचे लक्ष उडत असेल, तर स्वतःसाठी मदत घ्यायला संकोच करू नका. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा २०२२ पासून विनामूल्य चालू आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

धाकटा भाऊ:

मलाही माझ्या थोरल्या बहिणीने वाढवले आहे, म्हणून हे तुमच्या यजमानांसाठी लिहितो. हे बोलणे त्यांनीच करायला हवे. तुम्ही बोललात तर "परक्या घरून आलेली भावाला तोडते आहे" ही तयार गोष्ट सर्वांच्या तोंडी जाईल. त्यांनी ताईंच्या घरी जावे, तेही दिवाळीच्या आधी, कारण ओवाळणीच्या ताटासमोर कोणत्याही भावाच्या तोंडून नकार निघत नाही. "हिला आवडत नाही" असे चुकूनही म्हणू नये. "मला हे नको आहे" असेच म्हणावे.

बहिणीने जे केले त्याची किंमत मी ठरवू शकत नाही, आणि ती फेडण्याचा प्रयत्न मी मनापासून करतो. तिच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, डॉक्टरांच्या भेटी, घराची दुरुस्ती हे सारे मी तिने सांगण्याआधी पाहतो. पण तिने मला शिकवले ते मी माझ्या पायावर उभा राहावा म्हणून. माझ्या बायकोच्या शरीराविषयी चारचौघांत बोलण्याचा अधिकार त्या शिक्षणाच्या खर्चातून कोणालाही मिळत नाही, आणि हे सांगताना भावाने मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

कागदपत्र:

मी वकिली करतो, म्हणून जामिनाविषयी लिहितो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराकडून वसुलीचे सर्व मार्ग संपवावेत, अशी अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या खटल्यात १९६८ सालीच हे स्पष्ट केले आहे. नुसती सही करायची आहे, असे घरोघर सांगितले जाते, परंतु हप्ते थकले तर बँकेची नोटीस यजमानांच्या नावाने येऊ शकते. त्यांच्या पतअहवालातही या जामिनाची नोंद होते आणि उद्या गृहकर्ज घेताना ती विचारात घेतली जाऊ शकते.

भाच्याला खरोखर व्यवसाय करायचा असेल, तर मुद्रा योजनेत आणि सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीच्या पतहमी निधीच्या योजनेत तिसऱ्या व्यक्तीच्या जामिनाशिवाय कर्ज मिळू शकते. यजमानांनी भाच्याला बँकेत घेऊन जावे, अर्ज भरायला मदत करावी, पण सही करू नये. कोऱ्या कागदावर तर कोणत्याही परिस्थितीत नाही.

गोदाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनी हे सगळे वाचले आणि पुढच्या रविवारी ताईंकडे एकट्याने जाऊन बोलायचे त्यांनी ठरवले आहे. त्यांना एकच शंका आहे. किल्ली परत मागावी, की सरळ कुलूप बदलावे?

मनोव्यवहार:

मागावी, पण परत मिळण्यावर विसंबू नये, कारण तिची दुसरी प्रत करून घेतलेली असू शकते. कुलूप बदलून घ्या आणि ते बदलल्याचे यजमानांनी त्याच भेटीत स्वतःच्या तोंडाने सांगावे. बंद दारासमोर उभे राहिल्यावर ताईंना ते कळले, तर तो विनाकारण केलेला अपमान होईल, आणि नाते राखायचे असेल तर तो टाळलाच पाहिजे. अडचणीच्या वेळेसाठी जादा किल्ली शेजारी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा. ती कोणाकडे आहे, हे ताईंना सांगण्याची गरज नाही.