जुन्या मैफिलींच्या फायलींमधला 'सा' आपोआप कसा काढावा?

खर्जवाला (धागाकर्ता)
हिंदुस्थानी गायनाच्या कॅसेटींवरून केलेल्या 200 फायली आहेत. प्रत्येकीपुढे पट्टी, म्हणजे गायकाचा सा हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीवर आहे ते, लिहायची आहे: काळी 1, पांढरी 4 वगैरे. डीजे मंडळींची 'की' (गाण्याची पट्टी) ओळखणारी सॉफ्टवेअरं यमन रागाला हमखास भलतीच पट्टी सांगतात. पायथन थोडंफार येतं. काय वापरावं?

तीव्रमध्यम
ती सॉफ्टवेअरं इथे नकोतच. बारा स्वरांपैकी कुठला किती वाजला हे मोजून ती 24 साच्यांशी ताडतात, पाश्चात्य संगीतातले 12 मेजर आणि 12 मायनर. काळी 1 च्या यमनचे सात स्वर म्हणजेच काळी 4 चा मेजर, म्हणून उत्तर पंचमावर जातं. भैरवीत ते कोमल धैवतावर जाईल.

पायथनमध्ये वापरता येणाऱ्या एसेन्शिया या ध्वनिविश्लेषणाच्या लायब्ररीतलं 'टॉनिक-इंडियन-आर्ट-म्युझिक' घ्या. ते एकाच वेळी ऐकू येणारे अनेक स्वर वेगळे काढून हिस्टोग्राम (कुठला स्वर किती आला याचा आलेख) मांडतं आणि त्यातल्या शिखरांमधल्या अंतरांवरून सा ठरवतं. थोडक्यात, भिस्त मागे सतत वाजणाऱ्या तानपुऱ्यावर. फाईल मोनो, सॅम्पल रेट 44100 हर्ट्झ करून द्या. सा शोधण्याची मर्यादा मुळात 100 ते 375 हर्ट्झ असते. पुरुष गायकांना 110–180, गायिकांना 160–260 अशी आवळा. टाळ्या, निवेदन कापा, आलापीतले तीनेक मिनिटांचे तीन तुकडे वेगवेगळे चालवा. दोन जुळले तर घ्या, नाहीतर कानाने.

जोडतार
मालकंस रागाच्या फायली मात्र आधीच बाजूला काढा. तानपुरा पंचमाऐवजी मध्यमाला लावलेला असतो, आणि मध्यमापासून तारसप्तकातला सा बरोबर पंचमाच्या अंतरावर. प्रोग्रॅम मध्यमालाच सा समजू शकतो. रागाचं नाव बघून अशा फायली वेगळ्या करून त्यांची पट्टी कानाने ऐकून हाताने लिहिणं बरं.

खर्जवाला
पहिल्याच फाईलला 136 हर्ट्झ आलं. हे काय समजायचं?

तीव्रमध्यम
खालची काळी 1 म्हणजे 138.59. तुमचा सा तिच्याहून 33 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरलेला. गायकानेच तसा लावला असेल, किंवा कॅसेट जवळपास 2 टक्के हळू फिरली असेल. (6 टक्क्यांना अख्खा अर्धस्वर सरकतो.)

अंदाज विजेच्या गुणगुणीवरून बांधता येतो (आपली वीज 50 हर्ट्झची, तिची गुणगुण दुपटीवर, 100 लाही उमटते). ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शांत तुकडा निवडून 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा, साइझ 65536 ठेवा, 100 हर्ट्झच्या आसपास बघा. मूळ ध्वनिमुद्रणात शिरलेली गुणगुण 98 वर दिसली तर वेग कमी असण्याची शक्यता आहे. तिथे 98 आणि 100 अशी दोन शिखरं दिसली तर 100 वालं तुमच्या डिजिटायझिंगच्या वेळचं, ते सोडा. आधी वेग सुधारा आणि मगच सा काढा.