मटेरियल सायन्समध्ये पोस्टडॉक : परदेशी जायलाच हवं का?

सह्याद्री_पुणे :
पीएचडी संपत आली की लॅबमध्ये एकच प्रश्न, "कुठे चाललास?" इथेच राहतोय म्हटलं तर लोक हळहळतात. परदेशी पोस्टडॉकशिवाय (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकरीशिवाय) प्राध्यापकी नाही, हा समज मोडायला हवा असं माझं ठाम मत आहे. चांगली यंत्रं परदेशातच मिळतात, हे कारण आता पूर्वीइतकं खरं नाही. इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र, आहे. त्याची २.५ जीईव्ही ऊर्जा पुरत नसेल तर जर्मनीत हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ सिंक्रोट्रॉनवर भारतीय गटांना कराराखाली बीमटाइम (यंत्र वापरायची ठरावीक वेळ) मिळतो. प्रस्ताव इथून टाका, मोजमापं घ्या, परत या.

आणि धोरण बघा. रामानुजन फेलोशिप महिना १,३५,००० रुपये, पाच वर्षं, पण ती परदेशात काम करून भारतात परतणाऱ्यांसाठी. राष्ट्रीय पोस्टडॉक (एनपीडीएफ) मात्र एसईआरबीच्या (केंद्राच्या आधीच्या संशोधन-निधी मंडळाच्या) काळात महिना ५५,००० अधिक घरभाडं, तेही दोनच वर्षं. मग मुलं का थांबतील?

निळी_लेसर :
असहमत. बॅटरी चालू असताना इलेक्ट्रोडमधले बदल एक्स-रेने टिपायचे तर त्यासाठीचा सेल (चाचणीची छोटी बॅटरी) घडवण्यातच महिने जातात. ती विद्या बीमटाइमच्या धावत्या फेरीत येत नाही, तो सेल रोज बनवणाऱ्यांच्या शेजारी बसावं लागतं. शिवाय मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, गाइडचं सोडून तुमचं स्वतःचं काय? जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला प्रस्ताव तुमचाच असतो. देशाचा किंवा विषयाचा कोटा नाही, अर्ज वर्षभर करता येतो. पीएचडी मिळून चार वर्षं होण्याआधी मात्र करा, ही मुदत अनेकांच्या हातून निसटते.

सह्याद्री_पुणे :
गाइड बदलायला देश कशाला बदलायचा? पुण्याहून बंगळूरला किंवा कानपूरला गेलं तरी विषय बदलतो, कामाची पद्धत बदलते. निवड समित्या हे मोजत नाहीत, ही खरी अडचण आहे.

दोन_शिफ्ट :
तुम्ही दोघंही एकट्या माणसाचा विचार करताय. माझी मुलगी तीन वर्षांची आहे, नवऱ्याची नोकरी नाशिकला. माझ्यासाठी एनपीडीएफ हाच रस्ता होता. वयाची अट ३५, बायकांना पाच वर्षांची सूट, त्यामुळे जमलं. पण फेलोशिपचे पैसे महिनोन्‌महिने अडकायचे, घरात दुसरा पगार नसता तर सोडावं लागलं असतं. हे वेळेवर द्या, मग "राहा" म्हणा.

राईनकाठी :
जर्मनीतून लिहितोय. इथे कायमची नोकरी मिळेल या आशेने कुणी येऊ नये. विद्यापीठातल्या मुदतीच्या करारांना कायद्याने साधारण पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा आहे. २०२१ मध्ये 'इश बिन हाना' ('मी हाना'; हाना ही सरकारी व्हिडिओतली काल्पनिक संशोधक) या हॅशटॅगखाली इथल्याच संशोधकांनी त्यावर रान उठवलं होतं. शिकायला जरूर या, पण परतीचे अर्ज पहिल्या वर्षापासून सुरू ठेवा.

निळी_लेसर :
दोन_शिफ्ट, पैशांबद्दल शंभर टक्के सहमत. आणि सह्याद्री, रामानुजनची परदेशाची अट जावी हेही मान्य, इथल्या पोस्टडॉकलाही अर्ज करता यायलाच हवा. पण ती जाईपर्यंत माझ्या विद्यार्थिनीला मी बाहेरच अर्ज टाकायला सांगणार. तिची उमेदीची वर्षं धोरण सुधारण्याची वाट पाहण्यात जाऊ देणं मला पटत नाही.