मदत हवी आहे: भावना हाच जाणिवेचा पाया, याला पुरावा काय?

आमच्या विज्ञान मंडळात जाणिवेवर बोलायचंय. मेंदूशास्त्रज्ञ अंतोनियो दमासिओ यांचं म्हणणं असं, की भूक, धडधड, मळमळ अशा शरीराच्या खबरा मेंदूत पोचतात, त्यातून भावना उमटते आणि तिच्यावरच जाणीव उभी राहते. ऐकायला पटतं. गाडी अडते ती पुराव्याशी.

आधी वाटलं, शरीराच्या खबरा घेणाऱ्या, मेंदूतल्या इन्सुला या भागाकडे बोट दाखवलं की झालं. पण २००९ च्या एका अभ्यासात दोन्ही बाजूंचा इन्सुला निकामी झालेल्या रुग्णाला औषधाने ठोके वाढवल्यावर ते चक्क जाणवत होते! छातीवरची कातडी बधिर केली, तेव्हा जाणवेनासे झाले. म्हणजे खबर पोचायची वाट एकच नाही.

नाडीला हात न लावता ठोके मोजायचा प्रयोग घरच्यांवर करून पाहिला. बाद! 'मिनिटाला ७२' हे सगळ्यांना पाठ, तेवढाच आकडा ठोकून देतात.

उरला ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा बुंधा. दमासिओंचा भर त्यावरच आहे. पण त्याच्या वरच्या भागाला मोठी इजा झाली की माणूस कोमात जाऊ शकतो, कारण जागं ठेवणारी यंत्रणाही तिथलीच. मग गेलं काय, भावना की नुसता जागेपणा?

श्रोते बारावी सायन्सपर्यंतचे आहेत. इंग्रजी पेपर चालतील, प्राण्यांवरचे प्रयोगही. ध्यानधारणेची उत्तरं कृपया नकोत, तो वेगळा धागा.

जागेपणा शाबूत राहून, केवळ शरीराच्या खबरा तुटल्याने जाणीव बदलली किंवा गेली, अशी एखादी केस कुणाला माहीत आहे का?