एए ची मीटिंग हवी आहे, लवकर सांगा

रांगडा_गडी
एए ची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंग कुठे भरते कुणाला माहीत आहे का? जुन्या यादीतले नंबर फिरवले, एक बंद, दुसरा कोणी उचलत नाही. गूगलवर शोधलं की नुसत्या केंद्रांच्या जाहिराती, 'आजच भरती व्हा'. मला भरती व्हायचं नाही. याच आठवड्यात मीटिंग हवी. सल्ले नकोत, पत्ता द्या.

त्रिज्या
अहो, गाव कुठलं ते तरी लिहा! आणि मीटिंग तुम्हाला हवी की घरातल्या कोणासाठी? घरच्यांसाठी अल-अनॉन असतं, ते वेगळं.

बटव्यातली_आजी
सुटत नसेल तर एक चूर्ण मिळतं. आमच्या शेजारणीने नवऱ्याच्या भाजीत कालवून दिलं, त्याला पत्ताही लागला नाही. हवं असेल तर विचारून सांगते.

निवांत
आजी, असलं काही सुचवू नका हो. या पुड्यांत काय असतं देव जाणे. डायसल्फिराम (दारू सोडवायला देतात ती गोळी) असलं आणि वर माणूस प्याला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. जिवावर बेततं. डॉक्टरसुद्धा ती गोळी पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने देतात.

धागाकर्ते, रोज पीत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. थरथर, भास, फिट, सगळं पहिल्या तीन-चार दिवसांत होतं. आधी डॉक्टर गाठा. पुण्याच्या आसपास असाल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. १९८६ पासूनचं काम आहे, माझा मामा तिथूनच बरा झाला. तो तर पहिल्या दिवशी...

रांगडा_गडी
मी पीत नाही ओ! बंद होऊन वर्षं झाली. कोल्हापुरात ग्रुप होता माझा, आता कामाला चाकणला आलोय. इथं आल्यापासून मीटिंग नाही आणि डोकं फिरायला लागलंय. म्हणून घाई.

त्रिज्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मामा वाचले असते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडला बरेच ग्रुप आहेत. शाळेचा वर्ग नाहीतर चर्चची खोली, वेळ बहुतेक संध्याकाळची. एए च्या भारतातल्या जनरल सर्व्हिस ऑफिसच्या साइटवर जा, तिथून पुण्याचा संपर्क मिळेल.

रांगडा_गडी
संध्याकाळ जमत नाही. सेकंड शिफ्ट. तीन ते साडेअकरा.

त्रिज्या
😑

तर्ककठोर
एए च्या बारा पायऱ्यांत दर दोन पायऱ्यांनी देव भेटतो. नास्तिकाने तिथे जाऊन काय करायचं? विपश्यना करा, इगतपुरी काही लांब नाही.

मस्कतकर
तर्कराव, तिथे 'आपल्याला उमजेल तसा' परमेश्वर म्हटलंय. आमच्या ग्रुपमध्ये एक कट्टर नास्तिक आहे, तो ग्रुपलाच आपली उच्च शक्ती मानतो आणि मजेत आहे. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. टोपी फिरते, जमलं तर टाकायचे.

रांगडे, ऑनलाइन बसा की. मी इथून झूमवर मराठी मीटिंगला बसतो.

रांगडा_गडी
रूमवर आम्ही चौघं. पगार झाला की खंबा येतो. हेडफोन घालून ऐकीन हो, पण शेअरिंग काय करू, त्यांच्यासमोर?

निवांत
रूम बदला. आधी रूम बदला.

रांगडा_गडी
डिपॉझिट तुम्ही भरताय का?

गोंडवनी
मूळ प्रश्न दारूबंदीचा आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये केली होती, २०२१ मध्ये उठवली. सरकारला महसूल प्यारा.

तर्ककठोर
वर्धा १९७५ पासून कोरडा म्हणतात. जाऊन बघा एकदा, किती कोरडा आहे ते.

गोंडवनी
मी वर्ध्याचाच आहे. मिळते म्हणून बंदी उठवायची, तर चोऱ्या होतात म्हणून...

त्रिज्या
दारूबंदीसाठी वेगळा धागा काढा, प्लीज. रांगडे, स्पॉन्सरला (एए मधला तुमचा जुना वाटाड्या) फोन केलात?

रांगडा_गडी
रोज करतो. तोच म्हणतो, माझ्याशी बोलून भागणार नाही, मीटिंगच्या खोलीत जाऊन बस. सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा पिंपरीला जाईन कुठंतरी. बाकीच्या सहा दिवसांचं काय?

मस्कतकर
सकाळी मोकळे असता ना? मग स्वतःच सुरू करा. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रनला एए ची सुरुवात झाली तेव्हा एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंच होते. दोन-तीन जण सोब्रायटीसाठी, म्हणजे दारूपासून लांब राहायला बसले की ग्रुप झाला, एए च्या परंपरेतच आहे ते. पुण्याच्या लोकांना कळवा, पुस्तकं मिळतील. चहाच्या टपरीवर मात्र बसू नका. अनामिकता राहत नाही आणि शेजारी कोण बसेल सांगता येत नाही.

रांगडा_गडी
दुसरा माणूस कुठून आणू? कंपनीत विचारलं तर सुपरवायझरला कळेल.

फक्त_आज
पहिल्यांदाच लिहितोय, नुसता वाचतो इथे. मी राजगुरुनगरला असतो, नाईट शिफ्ट. सकाळी आठला सुटतो, दहापर्यंत झोप येत नाही. माझी पण मीटिंग बरेच दिवस चुकलीय. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

रांगडा_गडी
बघितला. फोन चालू ठेवा, आत्ताच लावतो.

निवांत
छान! दोघांनीही जमलं तर एकदा मुक्तांगणच्या फॉलोअपला जाऊन या. मामा अजून जातो.

सौ_केतकी
सगळा धागा वाचला नाही. आजी, त्या चूर्णाचं नाव काय?

निवांत
🤦 केतकीताई, वर माझा पहिला प्रतिसाद वाचा. आणि १४४४६ ला फोन करा, व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे.