चिनी माणसाचा लठ्ठपणा काट्यावर शोधू नका, कमरेवर शोधा

तागडी:
‘सडपातळ चीन, तरीही मधुमेह’ या धाग्यावर खडूफळा यांनी ठोकून दिलंय की चिनी लोकांत लठ्ठपणा आणि मेटाबॉलिक सिंड्रोम (कंबर मोठी, बीपी चढलेलं, साखर चढलेली, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी, या पाचांतली किमान तीन एकत्र) यांचा संबंध कच्चा आहे, कारण तिथले कितीतरी रुग्ण बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २४-२५ चे असतात, आणि खरा दोष भाताचा. याला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

बीएमआयला फक्त किलो आणि मीटर कळतात. चरबी कातडीखाली आहे की आतड्यांभोवती, हे त्याला कळत नाही, त्याचा अंदाज कंबर देते. आणि सगळा खेळ तिथेच आहे. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी फॅटी ॲसिड आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतून थेट यकृतात उतरतात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं, त्या ओढीत एचडीएल खाली येतं. शिवाय यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर साखर सोडत राहतं, म्हणून सकाळची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, चढलेली दिसते. सिंड्रोमच्या पाच कलमांपैकी तीन इथेच भरली. चिनी शरीरात ही चरबी गोऱ्यांपेक्षा कमी वजनालाच साठू लागते. म्हणून तर २००२ मध्ये चिनी तज्ज्ञगटाने जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २४ ला आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २८ ला ओढली. तुमचा २४-२५ चा ‘सडपातळ’ रुग्ण त्यांच्या हिशेबात सडपातळ नाहीच.

खडूफळा:
रेघ खाली आणली की जादा वजनाचे लोक वाढणारच. त्यातून कारण सिद्ध होत नाही. डाचिंगच्या प्रयोगाचं काय करता? हेइलोंगजियांगमधलं तेलाचं शहर, १९८६, ३३ दवाखाने, ग्लुकोज टॉलरन्स बिघडलेले (साखर चढलेली, पण अजून मधुमेह नसलेले) ५७७ लोक. सहा वर्षांत आहाराच्या गटात मधुमेहाचा धोका ३१ टक्के घटला, व्यायामाच्या गटात ४६, दोन्ही करणाऱ्यांत ४२. आणि बीएमआय २५ च्या खालच्यांना फायदा साधारण तितकाच झाला. वजन हेच मूळ असतं, तर बारीक माणसाला काय मिळालं? शांघायच्या बायकांच्या मोठ्या पाहणीतही भात जास्त खाणाऱ्यांत मधुमेह जास्त निघाला. हे टाळून कंबर कंबर काय करता?

तागडी:
डाचिंग तुम्ही आणलंत ते बरं झालं, पण अर्धंच वाचलंय. तिथे व्यायाम ‘युनिट’मध्ये मोजला होता. सावकाश चालणं असेल तर ३० मिनिटं, भरभर चालणं किंवा सायकल २०, हळू धावणं १०, दोरीच्या उड्या, बास्केटबॉल किंवा पोहणं ५ मिनिटं, यांतलं काहीही म्हणजे एक युनिट. रोज किमान एक युनिट वाढवायचं, पन्नाशीच्या आतल्या आणि हृदय धड असलेल्यांनी दोन. अशा व्यायामाने काटा फारसा हलला नाही तरी पोटातली चरबी घटते आणि स्नायू साखर ओढू लागतात. बारीक माणसाला तेच मिळालं. आणि ज्यांचा बीएमआय २५ किंवा वर होता त्यांना वजन उतरवायलाच सांगितलं होतं, महिन्याला अर्धा ते एक किलो, २३ पर्यंत. बिघाड २५ च्या खालीही असतो हे मी नाकारलंच नव्हतं. तो बीएमआयला दिसत नाही, एवढंच म्हणणं आहे.

रानजाई:
भाताबद्दल एक सरळ प्रश्न. भात दक्षिणेत. उत्तरेत मांतोऊ (वाफवलेला पिठाचा पाव), नूडल्स, गहू. मग २०००-०१ च्या देशव्यापी पाहणीत सिंड्रोम उत्तरेत जास्त आणि दक्षिणेत कमी का निघाला? उत्तरेकडे वजनं जास्त, मीठ जास्त, बीपी जास्त. भात हे मूळ असेल तर नकाशा उलटा हवा होता.

खडूफळा:
पिठाचा मांतोऊ काय आणि पांढरा भात काय, साखर दोन्हींनी चढते. मी ‘भात’ म्हटलं ते ढोबळ होतं, ‘पांढरं धान्य’ म्हणा. पण त्याच पाहणीत सिंड्रोम पुरुषांत ९.८ टक्के आणि बायकांत १७.८ होता. जादा वजन मात्र पुरुषांत २६.९ आणि बायकांत ३१.१. वजनातला फरक एवढासा आणि सिंड्रोम जवळपास दुप्पट. हा हिशेब वजनाने लावून दाखवा.

मध्यान्ह:
तो वजनाने लागणार नाही आणि भातानेही नाही. निकष अमेरिकी एनसीईपीचे, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाचे होते. त्यांत एचडीएलची रेघ पुरुषाला ४० आणि बाईला ५०. ४६ एचडीएलची बाई दोषी, पुरुष निर्दोष.

आता जरा माझं ऐका, कारण इथे कोणीच टेपबद्दल बोलत नाहीये. चिनी पद्धतीत टेप सर्वात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, काखेच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर धरतात. अमेरिकी पद्धतीत हाडाच्या कडेलगत वर. बायकांत एवढ्यानेच आकडा काही सेंटिमीटर बदलतो. सकाळी उपाशीपोटी, पाय २५-३० सेंटिमीटर अंतरावर, वजन दोन्ही पायांवर सारखं, अंगावर पातळ कपडा, टेप मागूनही आडवा सरळ, कातडीला टेकलेला पण न रुतलेला, आणि वाचायचं श्वास नेहमीसारखा सोडल्यावर. पोट आत ओढलं की आकडा फुकट. मागून टेप घसरला तरी फुकट. आणि सर्वांत वाईट म्हणजे पँटचा नंबर विचारून लिहिणं. चीनमध्ये पँट ‘छ्र’ या मापाने घेतात, एक छ्र ३३.३ सेंटिमीटर, त्याचा दहावा भाग छुन. चिनी पुरुषाच्या कमरेची ९० ची रेघ म्हणजे २ छ्र ७ छुन. पण सुटलेलं पोट पँटच्या वर लोंबतं, पट्टा खाली बांधला जातो, आणि ९६ चा माणूस वर्षानुवर्षं २ छ्र ६ चीच पँट घेत राहतो.

खडूफळा:
टेप कुठे धरला यावर एखाद्या देशाचा आजार ठरतो का? हा फाटा आहे, मूळ प्रश्न नाही.

मध्यान्ह:
फाटा? हे उदाहरण घ्या. कंबर ८३, एचडीएल ४६, बीपी १३२/८०, फास्टिंग १०४, ट्रायग्लिसराइड १३० असलेली बाई. २००९ चे आंतरराष्ट्रीय एकत्रित निकष लावा: कंबर ८० च्या वर, एचडीएल ५० च्या खाली, बीपी १३० च्या वर, साखर १०० च्या वर. पाचांत चार, सिंड्रोम पक्का. आता चिनी डायबेटिस सोसायटीचे २०१३ चे निकष: बाईची कंबर ८५, एचडीएल दोघांनाही ४०, साखर ११०. हाती उरलं नुसतं बीपी. पाचांत एक. बाई तीच, रिपोर्ट तोच. आणि तुम्ही दोन वेगळ्या व्याख्यांची टक्केवारी शेजारी ठेवून संबंध कच्चा म्हणता! राग येतो तो याचा.

रानजाई:
पण मग ८५ बरोबर की ८०?

तागडी:
मी ८५ च्या बाजूचा. ती रेघ हवेतून आलेली नाही. शांघायमध्ये एमआरआयवर पोटातली चरबी मोजली. ८० चौरस सेंटिमीटरच्या पुढे बिघाड वाढतो, आणि तेवढ्या चरबीला बाईची कंबर साधारण ८४-८५ भरते. ८० धरलं तर निरोगी बायका उगाच गोळा होतात.

मध्यान्ह:
आणि ८५ धरलं तर वरची बाई सुटते. तिला पाच वर्षांनी गाठायचं का?

रानजाई:
माझ्या मते ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तिची साखर बघा. चिनी निकषांत साखरेच्या कलमाला १४० ची तीही वाट आहे.

पाटपाणी:
एवढं चीनचं कशाला? पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्येच स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांची तुलना करून दाखवलं होतं. बीएमआय दोघांचा २२.३, चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२. आपलं आणि चिन्यांचं एकच.

तागडी:
एकच नाही, आणि हीच गल्लत सगळीकडे होते. इंग्लंडमधल्या २०२१ च्या मोठ्या अभ्यासात गोऱ्यांच्या ३० बीएमआयला मधुमेहाचा जो धोका होता, तो दक्षिण आशियाई लोकांत २३.९ लाच आला, चिनी लोकांत २६.९ ला. तीन गुणांचा फरक आहे. दोघांना ‘आशियाई’ म्हणून एका खणात कोंबू नका.

खडूफळा:
२६.९ चा आकडा माझ्या लिखाणाच्या विरुद्ध जातो, हे दिसतंय. ‘संबंध कच्चा’ हे शब्द मागे घेतो. पांढऱ्या धान्याचं मागे घेत नाही. आणि मध्यान्ह, तुमच्या त्या ८३ च्या बाईचा टेप मध्यावर धरला होता की हाडावर?

मध्यान्ह:
मध्यावर. हाडावर धरला असता तर कदाचित ८५ भरले असते, आणि चिनी निकषांतही एकाचे दोन झाले असते.